वालवाल्या मॅडम

सेलीन खुर्चीत नीट टेकून बसलेली मी क्वचितच पाहिली. बसायची ती काठावर, एक चप्पल पायात आणि एक बाहेर, कुणी हाक मारली की लगेच उठता यावं अशी. डबासुद्धा ती कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत खायची. लिफ्टची वाट पाहणं तिला जमत नसे, त्यामुळे जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज सारखा यायचा. आमच्या रिसेप्शनवरची मुलगी म्हणायची, सेलीन मॅडम बसल्या की समजायचं, कुणाची तरी वाट लागली. ती हे गमतीत म्हणायची, पण त्यात खोटं काही नव्हतं. सेलीन जरा वेळ एका जागी बसायची ती फक्त तिच्या खोलीत, समोर जोडपं असलं की. आणि तिच्या खोलीत जोडपं पाठवलं जायचं ते पोटातल्या बाळात काही दोष दिसला की.

बोरिवलीला आमचं गरोदर बायकांच्या सोनोग्राफीचं केंद्र होतं आणि मी तिथे सोनोग्राफी करणारी डॉक्टर. पाचव्या महिन्यात बाळाचा एकेक अवयव तपासायचा, काही वेगळं दिसलं तर पुन्हा पाहायचं, खात्री झाली की सांगायचं. त्यातलं पाहणं मला येत होतं. सांगणं येत नव्हतं. मी पार्ल्यात वाढलेली. आमच्याकडे वाईट बातमीला आधी 'तसं काळजीचं कारण नाही, पण' असं अस्तर लावायची पद्धत. ते अस्तर उसवता उसवता समोरची बाई अर्धमेली होते, हे मला सेलीननेच तोंडावर सांगितलं होतं.

ती बोरिवलीच्याच एका गावठाणातली, पिढ्यान्‌पिढ्या तिथल्याच ख्रिस्ती घरातली. घराला अजून ओसरी होती, आणि ओसरीसमोर कुणीतरी बांधलेला टॉवर. मानवी जनुकशास्त्रात एमएस्सी करून काही वर्षं तिने कॉलेजात शिकवलं, मग हे समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलं. दारावरची 'समुपदेशक' ही पाटी मात्र तिने आल्या आल्या काढायला लावली. उपदेश असं वाचून लोक आधीच मान खाली घालून आत येतात, म्हणाली. टेबलावरचा टिश्यूचा डबाही तिने खणात टाकला, कारण तो पाहून बाईला कळायचं की आपल्याला आता रडावं लागणार आहे. "रडू आलं तर देईन की काढून," ती म्हणायची, "आधीपासून मांडून कशाला ठेवायचं, लग्नाच्या पंगतीसारखं?"

जोडपं बसलं की ती सरळ सांगायची. बाळाच्या हृदयाचा डावा भाग वाढलेला नाही. किंवा, बाळाच्या मणक्याच्या खाली एक जागा उघडी राहिली आहे. चित्र काढून दाखवायची, जन्मल्यावर काय करता येतं ते सांगायची, काय करता येत नाही तेही. गर्भ ठेवायचा नसेल तर कायदा काय म्हणतो, किती मुदत आहे, हेही त्याच आवाजात. मग गप्प बसायची. एरवी वाक्य अर्धं टाकून उठणाऱ्या बाईला ते गप्प बसणं फार जड जायचं. टेबलाखाली तिचा पाय हलत राहायचा, वर बोटं पेनाचं टोपण उघडमीट करायची.

वालाची सुरुवात त्यातूनच झाली. ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ चालू होता, तिच्या घरी मटण बंद होतं. वाल भिजवून मोड आणले होते, पण सोलायला सकाळी वेळ मिळाला नाही, म्हणून ती ते पिशवीतून इथेच घेऊन आली होती. जेवणाच्या सुट्टीत कोमट पाण्यात टाकून सोलायला बसली आणि नेमकं एक जोडपं वेळेआधी आलं. नवरा पोलीस खात्यातला, आडदांड. आदल्या भेटीत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता आणि एक शब्द बोलला नव्हता. वाल आवरायला सेलीनला सवड झाली नाही. तो बसला, त्याने भांड्याकडे पाहिलं आणि त्याचा हात आपोआप आत गेला. चिमटीत दाबायचं, दाणा बाहेर, साल बाजूला. ज्याच्या घरी वालाचं बिरडं होतं त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही आणि कर म्हणावंही लागत नाही. बायकोनेही हात घातला. आणि सोलता सोलता, खाली पाहत, तो माणूस बोलायला लागला. त्याचा एक भाऊ जन्मतः अधू होता आणि लहानपणीच गेला होता, हे त्याने बायकोलाही तोवर सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर दर गुरुवारी सेलीन वाल आणायला लागली. गुरुवार हा तिचा या भेटींचा दिवस. तिसऱ्या मजल्यावर जिन्यातच भिजल्या वालाचा उग्र वास यायचा. व्यवस्थापकांनी स्वच्छतेच्या नावाखाली हरकत घेतली. सेलीनने त्यांना बसवलं, भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, बोला, काय अडचण आहे? पाच मिनिटांनी ते आपल्या मुलीच्या दहावीबद्दल बोलत होते. हरकत कुठे गेली ते त्यांनाही कळलं नाही.

माणसं काय काय घेऊन त्या खोलीत यायची याचा एक नमुना सांगते. एकदा कांदिवलीची एक सासू सुनेबरोबर आली. बाळाच्या हृदयात दोष होता, मी तसं सुनेला सांगितलं होतं, आणि पुढचं सेलीन मॅडम सांगतील म्हणाले होते. सासूबाई आत शिरल्या त्याच हात जोडून. म्हणाल्या, मॅडम, आम्हाला उगाच हृदयाबिदयाचं सांगू नका. मुलगी आहे हे सांगायला कायद्याने बंदी आहे हे आम्हाला कळतं, म्हणून तुम्ही असं आडून सांगताय. तर आम्हाला मुलगी हवी आहे. नाव पण ठरवलंय. मी दारात होते, मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं आणि पळूनही जावंसं वाटलं. सेलीन हलली नाही. तिने त्यांचे जोडलेले हात धरून वालाच्या भांड्यावर ठेवले. म्हणाली, "मावशी, मुलगा की मुलगी मी सांगत नाही आणि सांगणारही नाही. तुम्हाला मुलगी हवीये हे ऐकून बरं वाटलं. पण मी आडून बोलत नाहीये. खरंच हृदयच आहे." सासूबाई बराच वेळ सोलत बसल्या. जाताना सुनेच्या आधी त्याच रडल्या, आणि टिश्यूचा डबा खणातून निघाला.

सगळे शेवटी एकच प्रश्न विचारायचे. मॅडम, तुम्ही आमच्या जागी असता तर काय केलं असतं? माहुलचा एक तरुण तर तावातावाने म्हणाला, एवढं शिकलात, एवढंही सांगता येत नाही? सेलीनचं उत्तर ठरलेलं होतं: "मी तुमच्या जागी असते तरी सेलीनच असते रे. तिचं घर वेगळं, तिची झोप वेगळी, तिची भीती वेगळी. तिचा निर्णय तुला कसा मापात बसेल? निर्णय तुमचा. बाकी काय लागेल ते माझ्याकडे माग." लोक चिडायचे. मीही चिडायचे, कारण मला वाटायचं, बुडणाऱ्याला एक फळी तरी टाकावी. ती म्हणायची, तू टाकशील ती फळी तुझ्या घरच्या दाराची असेल, त्याला ती लागेल डोक्यात.

हा तिचा हेका मोडायला तिचे धर्मगुरूही निघाले होते. चर्चमध्ये कुणीतरी कुजबुजलं होतं की सेलीन गर्भपाताची माहिती देते. फादरनी बोलावून घेतलं. तिने सांगितलं, मी कुणाला कर म्हणत नाही, नको कर असंही म्हणत नाही. फादर म्हणाले, निदान त्यांच्यासाठी प्रार्थना कर. "करते म्हटलं," सेलीनने मला सांगितलं, "पण काय मागते ते तुम्हाला पण सांगणार नाही." जपमाळ ती त्या खोलीत कधी नेत नसे. गळ्यातला क्रूस गुरुवारी ब्लाउजच्या आत असायचा. तो दिसला तर लोकांना त्यात उत्तर दिसेल, अशी तिला धास्ती. आपला चेहरा, आपला आवाज, आपली देवाची खूण, काहीही त्यांच्या पारड्यात पडू नये म्हणून ही बाई इतकी जपायची. हे सगळं मी सांगतेय कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

मनीषा भांडुपची. बालवाडीत शिकवायची. नवरा सचिन कुरिअर कंपनीत होता. त्यांच्या बाळाचा डावा हात कोपराच्या खाली तयार झालेला नव्हता. बाकी सगळं उत्तम होतं. असे दोष सांगायला फार कठीण, कारण त्यात जगणं-मरणं नसतं, जगणंच असतं, आणि ते कसलं असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. दुसऱ्या सोनोग्राफीनंतर ती दोघं पुन्हा आली तेव्हा मला काही समजावायचं होतं म्हणून मीही खोलीत बसले होते. कायद्याची मुदत जवळ येत होती. मनीषा वाल सोलत होती आणि बोलत होती. बाळाने शाळेत डबा कसा उघडायचा, केस कसे विंचरायचे, वर्गातली मुलं काय म्हणतील. माझ्याच वर्गात असं मूल असतं तर मी त्याला जीव लावला असता, म्हणाली, मग माझ्या पोटात आहे तर मी एवढी का घाबरते? बोलता बोलता तिच्या हाताला एक गणंग लागला. गणंग म्हणजे कितीही भिजवा, मऊ न होणारा दाणा. प्रत्येक भांड्यात एखाददुसरा असतोच. तिने तो दाबून पाहिला, पुन्हा दाबला, आणि तळहातावर घेऊन बसली.

सेलीनचं सगळं लक्ष तिच्या बोलण्यात होतं. तिचा हात पुढे गेला, मनीषाच्या तळहातावरून तो दाणा उचलला आणि पायाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. कुठलीही बाई स्वयंपाकघरात करते तसं. पत्र्याच्या डब्यात टक असा आवाज आला.

मनीषाने डब्याकडे पाहिलं. मग सेलीनकडे. मग ओढणीला हात पुसले, येते म्हणाली आणि उठून गेली. सचिन गोंधळून तिच्या मागे गेला. सेलीन तशीच बसून राहिली. तिचा पायही हलत नव्हता, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"माझ्या हातानं सांगितलं गो तिला," ती म्हणाली.

वाल होता तो सेलीन, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "तिनं वाल नाय पाहिला."

आमच्या नियमात एकदा फोन करता येतो. तिने केला, कुणी उचलला नाही. मागे लागायचं नाही, हाही नियमच, आणि तो तिनेच केलेला. ते जोडपं परत आलं नाही. त्यांनी काय केलं, कुठे केलं, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. पुढच्या गुरुवारी वाल आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. तिने लोकरीचं विणकाम आणून पाहिलं, ते पाहून बायका रडायच्या. मग तिने हात मांडीखाली दाबून बसायला सुरुवात केली. आधी तिच्या फेऱ्या कॉरिडॉरपुरत्या होत्या, आता ती गच्चीवर जायला लागली. बोलता बोलता मधेच विचारायची, मनीषाने नंतर दुसऱ्या कुणाला विचारलं असेल का? तिने तो आवाज ऐकला असेल ना? मी वैतागायचे. एकदा चिडून म्हटलंही, की एका दाण्याने कुणी पोटचं मूल ठरवत नाही. ती म्हणाली, तुला काय माहीत कशाने ठरवतात, तू तर पडद्याकडे बघत असतेस. मला ते लागलं, आणि खरंही होतं.

मनीषाचे दिवस भरले असते त्या सुमारास, एका सोमवारी ती म्हणाली, काल भांडुपला जाऊन आले.

मी हबकले. कुणाकडे, विचारलं. कुणाकडेच नाही, म्हणाली. चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपल्यावर गेली होती. टेकडीवरच्या गल्ल्या चढली, उतरली. पत्ता तिला ठाऊक होता, त्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, आणि दार वाजवायचा आपल्याला काय हक्क म्हणून परत फिरली. "दोरीवर लंगोट वाळत होते गो," ती म्हणाली, "पण लंगोट काय, कुणाचे पण असतात. तेवढं बघून आले." मग ती जिना उतरून गेली आणि मी पुढची बाई तपासायला घेतली.

वर्षं गेली. सेलीनचे केस पिकले. तिच्याकडे येणाऱ्यांची कमी नव्हती आणि ती कामात कुठे कमी पडत होती असंही नाही. पण वाल गेले ते गेलेच.

मग एके सकाळी माझ्या तपासणीच्या टेबलावर मनीषा होती. नाव वाचून मी ओळखलं. तिने आपणहून सांगितलं की त्या वेळी त्यांनी गर्भ ठेवला नव्हता, ठाण्याला एका ठिकाणी केलं सगळं. नंतर बरेच दिवस धीर झाला नाही, आता हे दुसरं. मी तपासायला सुरुवात केली. ती म्हणाली, मॅडम, आधी डावा हात दाखवा. मी दाखवला. तो तोंडापाशी होता, बोटं उघडत मिटत होती. अजून एकदा दाखवा, म्हणाली. सगळं नीट होतं आणि मला ते पहिल्यांदाच अस्तराशिवाय सांगता आलं. ती पोट पुसत उठली आणि तिने विचारलं, "त्या वालवाल्या मॅडम आहेत अजून?"

मी यंत्र बंद करण्यात जरा वेळ काढला. पण नाही म्हणणार कशी? सेलीन कॉरिडॉरमध्ये डबा हातात घेऊन फेऱ्या मारत होती. मनीषाला पाहून जागच्या जागी थांबली. ओळख करून द्यावी लागली नाही. सेलीनने कशी आहेस विचारलं नाही, पोटाकडेही पाहिलं नाही. इतक्या वर्षांचं एकदम बाहेर आलं. म्हणाली, "त्या दिवशी तो दाणा मी टाकला ना…"

"पाहिला की मी," मनीषा म्हणाली. "राग पण आला होता. पण उठले ते ओकारी येत होती म्हणून. तुमच्या वालाचा वास कसला असतो, मॅडम."

सेलीन हसली नाही. मी टाकला नसता तर तू, असं काहीतरी ती पुन्हा सुरू करत होती. मनीषाने तिला थांबवलं. बालवाडीतल्या मुलाला थांबवतात तसं, दंडाला हात लावून.

"दाणा तुम्ही टाकला. बाळाचं आम्ही ठरवलं. मी आणि यांनी, घरी बसून, भांडून, रडून. बरोबर केलं का चूक, मला अजून नाही माहीत. पण ते आमचं आहे. तुम्ही ते स्वतःवर घेऊ नका ना. त्या बाळाचं माझ्याकडे दुसरं काहीच नाहीये."

सेलीनने डब्याचं झाकण लावलं. मग कॉरिडॉरमधल्या बाकावर, जिथे पेशंटचे नातेवाईक बसतात तिथे, ती मागे टेकून बसली. दोन्ही चपला पायात होत्या. निर्णय तुमचा, हे वाक्य ती आयुष्यभर लोकांना सांगत आली होती, आणि त्यातला हा एक निर्णय तिने इतकी वर्षं स्वतःच्या घरी नेऊन ठेवला होता. मनीषा तिच्या शेजारी बसली. त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, मला पुढची बाई तपासायची होती. मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता आणि जिन्यावर चपलांचा आवाज येत होता.

ती त्या दिवसापासून शांत झाली असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. डबा कॉरिडॉरमध्येच खाल्ला जायचा, वाक्यं अर्धीच राहायची. फक्त पुढच्या गुरुवारी मी जिना चढत होते तर दुसऱ्या मजल्यावरच वालाचा वास आला. मी तिथेच उभी राहून रडले. एक सफाईवाली मावशी म्हणाली, काय झालं मॅडम, वास सोसत नाही का? मी हो म्हटलं.

त्यानंतर लवकरच मी मुलुंडच्या एका रुग्णालयात नोकरीला गेले. सेलीनशी फोनवर बोलणं होतं, पण फोनवर ती दोन मिनिटांत कंटाळते. पाहिलं तिला शेवटचं ते बोरिवलीतल्या माझ्या अखेरच्या दिवशी. गुरुवारच होता. निरोप घ्यायला गेले तर दार लोटलेलं, आत जोडपं होतं. दाराच्या काचेतून मी पाहिलं. तीन डोकी भांड्यावर वाकलेली होती. नवरा खाली पाहून काहीतरी सांगत होता. बायको सोलायची थांबली, तिच्या बोटांत एक गणंग होता, आणि तिने तो टेबलाच्या कडेला ठेवला. सेलीनने त्याच्याकडे पाहिलं आणि तिथेच राहू दिला. पायाजवळचा कचऱ्याचा डबा खोलीत नव्हता. टेबलाखाली तिचा पाय मात्र हलतच होता.